रमजानात आखातात जाताय? कोकणातून निघण्यापासून ईदपर्यंतची तयारी

रत्नागिरी, खेड, म्हसळा, श्रीवर्धन या पट्ट्यात, जिथलं कुणीच आखातात नाही अशी वाडी किंवा मोहल्ला सापडणं कठीण. दुबई, मस्कत, दोहा ही नावं आपल्याकडे सहलीच्या आधी नात्यागोत्यातून आली. लेकीचं बाळंतपण, मुलाने घेतलेलं नवं घर, उमरा म्हणजे मक्केची यात्रा, नाहीतर नुसतीच आठ दिवसांची भटकंती, कारण काहीही असो, तारखा ठरवताना कुणीतरी हमखास म्हणतं, "अरे, मध्ये रमजान येतोय, पुढे ढकलूया का?"

माझं मत आहे की ढकलू नका. मात्र सकाळी नऊला बाहेर पडून रात्री नऊला परतायचं ही सवय घरीच ठेवून जा. रमजानात तिथला दिवस मगरिबच्या अजानला, म्हणजे सूर्यास्ताला, खऱ्या अर्थाने सुरू होतो. हे एकदा मनावर घेतलं की बाकीची तयारी फारशी अवघड नाही.

तारखा: कॅलेंडरवर एक दिवस मागेपुढे धरून चाला

हिजरी वर्ष चंद्रावर चालतं आणि ३५४ किंवा ३५५ दिवसांचं असतं. त्यामुळे रमजान दरवर्षी आपल्या कॅलेंडरवर दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. महिना २९ दिवसांचा की ३० दिवसांचा, हे चंद्रदर्शनावर ठरतं. म्हणून ईदची पक्की तारीख आदल्या संध्याकाळपर्यंत बहुतेक ठिकाणी जाहीर होत नाही.

आखातात रमजान बहुधा आपल्यापेक्षा एक दिवस आधी लागतो. २०२५ मध्ये तिकडे पहिला रोजा १ मार्चला होता, भारतात २ मार्चला. पण सगळे आखाती देशही एकाच दिवशी सुरुवात करतात असं नाही. २०२४ मध्ये सौदी आणि अमिरातीत ११ मार्चला रोजे सुरू झाले, ओमानमध्ये १२ मार्चला. मस्कत आणि दुबई एकाच फेरीत करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. २०२७ मध्ये रमजान साधारण ८ फेब्रुवारीच्या सुमारास लागेल, २०२८ मध्ये जानेवारीच्या अखेरीस. २०३० मध्ये तर तो जानेवारीत एकदा आणि डिसेंबरअखेरीस पुन्हा, असा दोनदा सुरू होईल. म्हणजे पुढची काही वर्षं रमजान आखातातल्या हिवाळ्यात पडणार आहे. हवा सुखद असते, रोजाही साधारण साडेबारा-तेरा तासांचा. पाहुण्यांसाठी यापेक्षा बरा काळ नाही.

महिन्यातला कोणता आठवडा निवडायचा? मी पहिले तीन-चार दिवस टाळायला सांगेन. सगळ्यांचं शरीर नव्या वेळापत्रकात बसत असतं, दुकानांच्या वेळाही धड कळत नाहीत. दुसरा आणि तिसरा आठवडा सगळ्यात चांगला. या मधल्या काळात दुबई, मस्कतच्या हॉटेलांचे दर साधारणपणे उतरलेले असतात. चौदाव्या रोजाच्या रात्रीच्या आसपास तिथे असाल तर आणखी छान. त्या रात्री कतारमध्ये गरंगाऊ साजरा होतो. मुलं नवे कपडे घालून, गळ्यात पिशव्या अडकवून, घरोघरी गाणी म्हणत सुकामेवा आणि गोळ्या गोळा करतात. कुवेत आणि ओमानमध्येही वेगळ्या नावांनी हाच सण असतो. शेवटचे दहा दिवस इबादतीचे, त्यात पाहुणचाराची अपेक्षा ठेवू नये.

सामान: मसाल्याचा डबा आधी तपासा

हा भाग सगळ्यात काळजीपूर्वक वाचा. आपल्याकडच्या बहुतेक घरांत मालवणी मसाल्यात खसखस असते. अनारशांवर असते, करंजीच्या सारणात असते. संयुक्त अरब अमिराती, सौदी आणि कतारमध्ये खसखशीवर बंदी आहे, कारण ती अफूच्या बोंडातून येते आणि तिथला कायदा तिला अमली पदार्थांतच धरतो. "थोडीशीच आहे, दळलेली आहे" हे सांगून चालत नाही. मुलीसाठी मसाला न्यायचाच असेल तर खसखस न घालता वेगळा दळून घ्या, तोही त्याच गिरणीत दुसऱ्या कुणाच्या खसखशीच्या मसाल्यापाठोपाठ नको. करंज्यांचं सारणही तसंच. गुटखा, विड्याची पानं, पानमसाला घरीच ठेवा.

अख्खं सुकं खोबरं विमानात चालत नाही. त्यात तेल जास्त असल्याने ते ज्वलनशील मानतात. कोकमाचं आगळ, लोणचं, तूप हातातल्या सामानात नको, मोठ्या बॅगेत दुहेरी पिशवीत घट्ट बांधून ठेवा. आमसुलं, कुळथाचं पीठ, आंबापोळी, फणसपोळी आणि काजूगर यांचा सहसा त्रास होत नाही. काजूगर तर थोडे जास्तच घ्या. रमजानात कुणाच्या घरी रिकाम्या हाताने जायचं नसतं आणि कोकणातला काजू कुठल्याही घरात आनंदाने स्वीकारला जातो.

औषधांबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण आपल्याकडून जाणाऱ्यांत आई-वडील मंडळी जास्त. गोळ्या मूळ पाकिटातच ठेवा, सुट्या डबीत नाही. डॉक्टरची चिठ्ठी इंग्रजीत घ्या, तीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या आणि मुक्कामापुरताच साठा न्या. खोकल्याच्या काही औषधांतलं कोडीन, दुखण्यावरच्या गोळ्यांतलं ट्रॅमाडॉल, झोपेच्या आणि मनोविकारांच्या काही गोळ्या अमिरातीत नियंत्रित यादीत आहेत. त्यांच्यासाठी तिथल्या सरकारच्या संकेतस्थळावरून आधी परवानगी काढावी लागते. हे काम तिकिटाबरोबरच करा.

राहण्याची जागा: स्वयंपाकघर असेल तर निम्मी चिंता मिटते

नातेवाइकांकडे उतरत असाल तर प्रश्नच नाही. हॉटेल घेणार असाल तर छोटं स्वयंपाकघर असलेली खोली शोधा. ओमान, कुवेत, सौदी आणि कतारमध्ये रमजानात दिवसा बहुतेक खानावळी बंद असतात. किराणा दुकानं आणि सुपरमार्केट मात्र चालू असतात. सकाळी पाव, दही, फळं, अंडी आणून ठेवली की खोलीत बसून निवांत जेवता येतं. साध्या हॉटेलात नाश्ता खोलीत मिळेल का, हे आरक्षण करतानाच विचारा.

दुबईची गोष्ट वेगळी आहे. २०२१ पासून तिथल्या उपाहारगृहांना दिवसा पडदे लावण्याची सक्ती राहिली नाही, त्यामुळे दुपारी बसून जेवता येतं. पण आपली बरीच माणसं भाडं परवडतं म्हणून शारजात राहतात, आणि शारजात दिवसा खाद्यपदार्थ विकायला पालिकेचा वेगळा परवाना लागतो. दुबईत पाहिलं ते शारजात चालेलच असं धरू नका.

वेळेचा हिशेबही आत्ताच करून ठेवा. अमिराती आणि ओमान आपल्यापेक्षा दीड तास मागे, तर सौदी, कतार, कुवेत, बहारीन अडीच तास मागे. घरी फोन करायचा तर मगरिबच्या आसपास नको. त्या वेळी तिथलं घर रोजा सोडण्याच्या गडबडीत असतं.

दिवस कसा लावायचा

पहाटे फजरच्या, म्हणजे पहाटेच्या नमाजच्या, आधी सहरी, म्हणजे रोजापूर्वीचं खाणं, होते, मग बरीच मंडळी पुन्हा झोपतात. कामाचे तास कमी झालेले असतात. अमिरातीत खासगी नोकरीत रोज दोन तास कमी, सौदीत मुस्लिम कामगारांना दिवसाला सहा तासांचंच काम. बऱ्याच सरकारी कचेऱ्या दुपारी लवकर आटोपतात. व्हिसाची मुदत, दूतावासातलं काम, बँक, जे काही कागदाचं असेल ते सकाळी दहा ते बारामध्ये उरका. अमिरातीत आठवड्याची सुट्टी शनिवार-रविवार आणि शुक्रवारी अर्धा दिवस काम. बाकीच्या आखाती देशांत सुट्टी शुक्रवार-शनिवार.

सकाळचा वेळ संग्रहालयं आणि मशिदी बघण्यासाठी ठेवा. मस्कतची सुलतान काबूस मशीद एरवी इतर धर्मीयांसाठी शनिवार ते गुरुवार सकाळी आठ ते अकरा खुली असते. रमजानात वेळा बदलू शकतात, म्हणून जाण्याआधी विचारून घ्या. बायकांनी डोकं, हात, पाय पूर्ण झाकतील असे कपडे घालावेत. सलवार-कमीज आणि मोठी ओढणी पुरते.

दुपारी झोपा. मनापासून सांगतो, एक ते चार झोपा. बाजार बंद, रस्ते सुस्त, उन्हात फिरून हाती काही लागत नाही. मस्कतचा मत्रा सूक, म्हणजे तिथला जुना बाजार, दुपारी ओस असतो आणि रात्री तोच गजबजतो.

संध्याकाळी मगरिबच्या आधीच्या तासात रस्त्यावर असू नका. सगळ्यांना घरी पोचायचं असतं, दिवसभराच्या उपाशीपोटी गाड्या वेगात असतात. अजान झाल्यावर तासभर टॅक्सी मिळणं अवघड. जिथे इफ्तार करायचा, म्हणजे रोजा सोडायचा, तिथे अर्धा तास आधी पोचा, किंवा सरळ घरीच थांबा.

आणि मग रात्र. दोह्याच्या सूक वाकिफमध्ये सूर्यास्ताला तोफ डागतात, तेव्हा लहान मुलांना खांद्यावर घेऊन लोक उभे असतात. दुबई, शारजा, कुवेतमध्येही इफ्तारची तोफ असते. जेद्दाच्या जुन्या अल-बलद भागात लाकडी जाळीदार सज्जांच्या घरांखाली रात्रभर खाण्याच्या गाड्या लागतात. हा भाग २०१४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. दुबईचं ग्लोबल व्हिलेज रमजानात मध्यरात्रीनंतरही चालू असतं. ज्याने फक्त दिवसा शहर पाहिलं, तो म्हणणार की रमजानात काही नसतं. त्याने रमजान पाहिलेलाच नाही.

उघड्यावर खाणं-पिणं: इथे तडजोड नाही

तुम्ही रोजा धरावा अशी अपेक्षा कुणी करत नाही. अपेक्षा एवढीच की फजर ते मगरिब रोजेदारांसमोर, रस्त्यावर, बागेत, समुद्रकाठी खाऊ-पिऊ नये. पाण्याचा घोट, च्युइंगम, सिगरेट, तंबाखू, मिश्री हे सगळं यात येतं. गाडीत बसून खाणंही उघड्यावरचंच समजतात. ज्यांना तंबाखूची सवय आहे त्यांनी हे निघण्याआधीच मनाशी पक्कं करावं.

कायदे देशागणिक वेगळे आहेत. कुवेतमध्ये १९६८ च्या कायद्यानुसार रमजानात दिवसा जाहीरपणे खाल्ल्यास १०० दिनारपर्यंत दंड किंवा एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. ओमानच्या कायद्यातही तुरुंगवासाची तरतूद आहे. पण दंडाच्या भीतीने पाळण्यापेक्षा समोरच्याच्या मेहनतीची कदर म्हणून पाळावं. तुमची टॅक्सी चालवणारा, हॉटेलची खोली झाडणारा माणूस पहाटेपासून पाण्याविना असतो.

लहान मुलं, गरोदर बाई, मधुमेही यांना रोजाची सक्ती मुस्लिम घरांतही नसते, मग पाहुण्यांना कुठून असेल? पर्समध्ये साखर, बिस्किटं, पाणी ठेवा. साखर उतरल्यासारखं वाटलं तर क्षणभरही थांबू नका, आडोसा बघा, खा. दुकानदाराला "डायबेटिस" एवढं सांगितलं तरी तो आतली खुर्ची पुढे करतो. संकोचाने आईला उपाशी ठेवणं हा शिष्टाचार नव्हे.

दारूचं थोडक्यात: सौदीत अगदी मोजक्या अपवादांनिशी आणि कुवेतमध्ये पूर्ण, बारा महिने बंदी आहे, कतारमध्ये रमजानात हॉटेलांतही मिळत नाही. गाडीत मोठ्याने गाणी नकोत. बऱ्याच वाळवंट सफारींत या महिन्यात नाचगाणं नसतं, पैसे भरण्याआधी विचारा. कपडे खांदे आणि गुडघे झाकणारे असावेत, पुरुषांनीही बाजारात हाफ पँट टाळावी. नमाज पढणाऱ्यांचे फोटो काढू नका.

आणखी एक, जे फारसं कुणी सांगत नाही. कुणालाही "तुमचा रोजा नाही का?" असं विचारू नका. आजारपण, प्रवास, मासिक पाळी, गरोदरपण अशी अनेक कारणं असतात आणि ती ज्याची त्याच्यापाशी. "पाणीसुद्धा नाही? बाप रे!" हेही रोजेदाराने लहानपणापासून ऐकलेलं असतं.

इफ्तारचं आमंत्रण आलं तर

जा. काही कारण काढून टाळू नका. शेजारचे केरळी चाचा असोत, मुलाच्या कंपनीतला ओमानी साहेब असो, किंवा आपल्या दापोलीकडचंच कुणी असो, बोलावणं मनापासूनचं असतं.

अजानच्या पंधरा-वीस मिनिटं आधी पोचा. "रमजान करीम" किंवा "रमजान मुबारक" म्हणा, दोन्ही चालतं. समोर पदार्थ मांडलेले असले तरी अजान होईपर्यंत हात लावू नका. मग खजूर आणि पाणी, उजव्या हाताने. थोडं खाऊन घरची मंडळी मगरिबच्या नमाजला उठतील, तेव्हा शांत बसून राहा. मोबाइलवर मोठ्याने बोलू नका, टीव्ही लावू नका. मुख्य जेवण त्यानंतर होतं. म्हणून पहिल्याच फेरीत समोशांनी पोट भरू नका. तरावीहच्या, म्हणजे रमजानातल्या रात्रीच्या खास नमाजच्या, आधी निरोप घेतलेला बरा, यजमानांना मशिदीत जायचं असतं.

शाकाहारी असाल तर आमंत्रण स्वीकारतानाच सांगा, ताटावर बसल्यावर नाही. हरीस गहू आणि मांस एकत्र घोटून करतात, थरीदमध्येही मांस असतं, डाळीच्या शोरब्यात मांसाचं पाणी असू शकतं, समोशाच्या आत खिमा. निर्धास्त खाता येतील अशा गोष्टी म्हणजे खजूर, फळं, हम्मस, फत्तूश, ताक आणि लुकैमात, म्हणजे तळून खजुराच्या पाकात घोळलेले पिठाचे गोळे. त्या दिवशी तुमची संकष्टी किंवा सोमवार असेल तरी खजूर आणि फळांवर पंगतीत बसता येतं. यजमानांना कारण सांगा, उपासाचं मोल त्या महिन्यात त्यांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

घरचं बोलावणं नसेल आणि तरी अनुभव हवा असेल, तर दुबईच्या अल फहिदी भागातलं शेख मोहम्मद सांस्कृतिक केंद्र पाहुण्यांसाठी इफ्तार ठेवतं. तिथे प्रश्न मोकळेपणाने विचारता येतात. जागा आधी राखून ठेवा. अबुधाबीच्या शेख झायेद मशिदीत रमजानात रोज हजारोंना मोफत इफ्तार देतात. मात्र मशिदींबाहेरचे साधे इफ्तारचे तंबू प्रामुख्याने कामगारांसाठी असतात, आणि त्यात आपल्या देशातली माणसं भरपूर असतात. गंमत म्हणून त्यांची जागा अडवू नका, त्यांच्या ताटाचे फोटो काढू नका.

पैशांबाबत एक इशारा गावच्या मंडळींसाठी. देवळाच्या जीर्णोद्धाराची, मशिदीच्या दुरुस्तीची किंवा कुणाच्या उपचाराची वर्गणी गोळा करायला आखातात गेलेल्या माणसांकडे जाण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. अमिरातीत परवान्याशिवाय देणगी गोळा करणं गुन्हा आहे, आणि रमजानात त्यावर विशेष नजर असते. पावतीपुस्तक घेऊन जाऊ नका, व्हॉट्सअ‍ॅपवर आवाहनही तिथून पाठवू नका.

उमरा आणि सौदी

रमजानातल्या उमऱ्याचं पुण्य मोठं मानतात, म्हणून मक्केत या महिन्यात गर्दी आणि दर दोन्ही चढे असतात. शेवटच्या दहा रात्रींत, विशेषतः सत्ताविसाव्या रात्री, हरमजवळची, म्हणजे मक्केतल्या मुख्य मशिदीजवळची, खोली परवडणं कठीण. वयस्कर माणसं बरोबर असतील तर पहिला पंधरवडाच बघा. उमऱ्याची वेळ सौदी सरकारच्या नुसुक अ‍ॅपवर आधी घ्यावी लागते. फोन चार्ज ठेवा आणि परवान्याची छापील प्रतही जवळ असू द्या. जेद्दा, मक्का, मदिना जोडणारी हरमैन रेल्वे आहे, तिचीही तिकिटं लवकर काढा. चालण्याची सवय कोकणातल्या म्हाताऱ्यांना असते, पण संगमरवरावर अनवाणी तासन्‌तास उभं राहणं वेगळं, त्यासाठी चाकाची खुर्ची आधीच ठरवून ठेवा.

इतर धर्मीयांना मक्केत प्रवेश नाही, मदिनेतही मशिदीच्या परिसरात नाही. मित्राच्या गाडीतून जेद्दाहून ताइफला जाताना इतर धर्मीयांसाठी मक्का टाळून जाणाऱ्या वळणरस्त्याच्या पाट्या असतात, त्या पाळाव्यात.

आखाताबाहेरचं दोन वाक्यांत: तुर्कस्तानात मोठ्या शहरांत दिवसा खानावळी चालू असतात आणि पहाटे ढोल वाजवून सहरीला उठवतात, तर मलेशियात रोज दुपारनंतर रमजानचे खाऊबाजार भरतात. मालदीवच्या रिसॉर्टवर काही बदल जाणवत नाही, पण स्थानिक लोकवस्तीच्या बेटावर राहणार असाल तर दिवसा खानावळी बंद मिळतील.

ईद आणि परतीचा प्रवास

गणपतीत कोकणात येणाऱ्या गाड्यांची जी गत, तीच ईदच्या आधी आखातातून भारतात येणाऱ्या विमानांची. शेवटच्या आठवड्यात तिकिटं महाग होतात आणि मिळतही नाहीत. म्हणून एकतर ईदच्या आठ-दहा दिवस आधी परत या, किंवा सरळ ईद करून, तीन-चार दिवसांनी निघा. दुसरा पर्याय मला जास्त आवडतो. ईदची नमाज सूर्योदयानंतर लगेच होते, मग घरोघरी जाणं-येणं सुरू होतं. मुलांना द्यायला नव्या नोटांची पाकिटं आधी तयार ठेवा, कारण ईदला बँका बंद असतात आणि सुट्टी किमान तीन दिवसांची असते. कचेरीचं कुठलंही काम त्या आठवड्यावर ढकलू नका.

मुंबईला उतरून पुढे रेल्वेने यायचं असेल तर आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, विमानाचं तिकीट हातात आलं की ती तारीख लिहून ठेवा. दक्षिण कोकणात, सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडे जाणाऱ्यांनी गोव्याच्या मोपा विमानतळावरून थेट विमान मिळतं का तेही बघावं, मुंबईचा फेरा वाचतो. विमान रात्री उशिरा उतरणारं असेल तर त्याच पहाटेच्या गाडीवर विसंबू नका, मध्ये किमान सहा तास ठेवा.